पाळीचा पाय

लाटांचा धडा मी दरवर्षी शिकवते. लाखांदूरच्या शाळेत नववीचा भूगोल माझ्याकडे आहे. फळ्यावर मी समुद्राचा कडा काढते, त्याच्या पायथ्याशी लाट काढते आणि लाट जिथं आपटते तिथं खडूनं एक खाच कोरते. खाच वाढत जाते, वरचा भाग अधांतरी राहतो, मग कोसळतो, कडा मागं सरकतो आणि खाली सपाट खडक उरतो. त्याला तरंगघर्षित मंच म्हणायचं. कोसळलेला माल लाटा दुसरीकडं नेऊन टाकतात, त्याची पुळण होते. मुलं मुकाट्यानं लिहून घेतात. समुद्र त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. मी एकदा पाहिला, लग्नानंतर, तोही एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पर्स सांभाळत.

या वर्षी तो धडा शिकवताना माझ्या हातातला खडू दोनदा तुटला. रागानं तुटला. कुणाचा राग, असं कुणी विचारलं असतं तर मी अर्धं गाव मोजून दाखवलं असतं, आणि त्या मोजणीत स्वतःला वगळायची सोय नव्हती. राग अजून उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसले आहे, कारण उतरला की मीही इतरांसारखी "जाऊ द्या, झालं ते झालं" म्हणायला लागेन.

आमच्या गावाला एक जुना तलाव आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडं लांबलचक पसरलेला. पूर्वेच्या टोकाला मातीची पाळ. गावातले लोक तिला पार म्हणतात. पाळीच्या अलीकडं पाणी आणि पलीकडं, उतारावर, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. पाळीला लागून ज्या पहिल्या तीन बांध्या आहेत त्या माझ्या मोठ्या बहिणीच्या. तिला मी बाई म्हणते. आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. भाऊजींच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून शेतीचं सगळं बाईच पाहते. त्या तीन बांध्यांवर त्यांचं घर चालतं, दुसरं काही नाही. आमची जमीन गावाच्या वरच्या अंगाला आहे, बरड, दगडगोट्यांची. तिच्यातून धान काढायचं म्हणजे माझा नवरा दरवर्षी देवाशी भांडतो.

मागच्या उन्हाळ्यात तलाव आटला. मध्यभागी थोडा चिखल राहिला, बाकी सगळं भेगाळलं. नेमकं तेव्हाच गाळ काढायचं काम मंजूर झालं. मशीन सरकारी, गाळ फुकट, ट्रॅक्टर मात्र ज्याचा त्यानं आणायचा. गावात लग्नघराची लगबग सुरू झाली. ज्यांनी जन्मात कधी सकाळी सहाला अंथरूण सोडलं नाही तेसुद्धा पहाटे रांगेत ट्रॅक्टर लावून उभे राहिले.

गाळ नेण्याची आमच्या गावात एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हा पाळली जात होती. गाळ तलावाच्या पोटातून काढायचा. पाळीपासून शंभर पावलं सोडून मगच कुदळ मारायची. बैलगाडी भरून गाळ वावरात न्यायचा, आणि परतताना गाडी रिकामी आणायची नाही. वावरातले दगड वेचून गाडीत टाकायचे आणि पाळीच्या पायथ्याशी, पाण्याच्या बाजूनं रचायचे. वावर साफ होत होतं आणि पाळ जड होत होती. ती शंभर पावलांची पट्टी उथळ होती, पाळीकडं हळूहळू चढत जाणारी. तिला म्हातारी माणसं पाळीचा पाय म्हणायची. ज्यांनी तलाव बांधला त्यांनीच पाळीसाठी माती लांबून खणली होती आणि हा पाय मुद्दाम राखला होता. पुढच्या माणसांना तेवढी अक्कल असेल असं त्यांनी गृहीत धरलं, ही त्यांची चूक.

ट्रॅक्टरला दगड वेचायला वेळ नसतो. ट्रॅक्टर खेपा मोजतो. आणि मशीन मधल्या चिखलात जाईना, फसायला लागलं. मग मशीनवाल्यानं सोपी वाट धरली. पाळीचा पाय कोरडा होता, टणक होता, पाळीवरून ट्रॅक्टरही सरळ खाली उतरत होते. त्यानं तिथंच खणायला घेतलं. वरचा हातभर थर काळा, लोण्यासारखा निघाला. पाहून लोकांचे डोळेच फिरले.

बाईनं पहिल्याच दिवशी हटकलं. डोक्यावरचा पदर दातात धरून ती मशीनसमोर जाऊन उभी राहिली. मीही तिथं होते, आमचा ट्रॅक्टर रांगेत होता म्हणून.

"पारीच्या पायाची माती कायले उचलून राहिले?" ती म्हणाली. "मधातली न्या ना."

"मधात मशीन फसते, काकू," मशीनवाला म्हणाला.

"फसते त थांबा मंग. आठ दिवस सुकू द्या."

रांगेतले लोक हसले. आठ दिवसांत काम दुसऱ्या गावाला गेलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, मी मास्तरीण, माझं कुणी तरी ऐकेल असं तिला वाटलं असावं. आणि मी काय म्हणाले? मी तिला समजावलं. वर्गात ज्या आवाजात समजावते त्याच आवाजात.

"बाई, गाळ निघाला त तलावात पानी जास्त मावन. तुह्याच बांध्याईले फायदा हाय."

"पानी मावन," बाई म्हणाली, "पन लाट कोठी मरन?"

तिच्या या प्रश्नाला मी हसले. हे मला लिहायचंच होतं, म्हणून लिहिते. उथळ किनाऱ्यावर लाट आधीच फुटते, तिची शक्ती वाळूत जिरते, खोल किनाऱ्यावर ती पुरी ताकद घेऊन कड्यावर आदळते, हे मी इतकी वर्षं तोंडपाठ सांगत आले. चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीनं तेच तीन शब्दांत विचारलं, आणि मला ते ओळखू आलं नाही. पुस्तकात तलाव नव्हता ना. मी म्हटलं, "तलावाच्या लाटेनं का होते, बाई," आणि आमचा नंबर आला.

आम्ही चार ट्रॉल्या नेल्या. काळीभोर माती बरडावर पसरली तेव्हा माझा नवरा ती मुठीत घेऊन घटकाभर नुसता उभा राहिला होता. माझ्याही पोटात सुख मावत नव्हतं. परतीच्या ट्रॉलीत दगड भरायची गोष्ट आमच्या दोघांच्याही मनात आली नाही. खरं तर माझ्या मनात आली होती. ट्रॅक्टरवाला खोळंबला असता म्हणून मी बोलले नाही.

काळा थर संपल्यावर खालचा मुरूम लागला. तोही लोकांनी सोडला नाही. कुणी घराच्या जोत्यात भरला, कुणी अंगणात टाकला, सरपंचानं आपल्या गोठ्यापर्यंतचा रस्ता करून घेतला. मशीन गेलं तेव्हा पाळीच्या पायाच्या जागी सरळसोट खड्डा होता. पाळ त्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. काम पुरं झाल्याचा नारळ फुटला आणि तलाव खोल झाला म्हणून पेढे वाटले गेले. मी खाल्ला.

आषाढात तलाव भरला. पाणी चढलं तशी पश्चिमेच्या वाऱ्याला मोकळं रान मिळालं. वारा त्या टोकाला पाण्यावर उतरायचा आणि या टोकाला येईपर्यंत त्याच्या लाटा झालेल्या असायच्या. फार मोठ्या नाहीत, गुडघाभर. पूर्वी त्या लांबवरच, उथळ पाण्यात दगडांवर फुटून फेस होऊन जायच्या. आता थेट पाळीवर यायच्या आणि आपटायच्या. पाळीवर उभं राहिलं तर पायाला धक्का जाणवायचा. दिवसरात्र तेच. पाण्याला रविवारची सुट्टी नसते.

पहिल्या आठवड्यात पाण्याच्या रेषेला वीतभर खाच पडली. पुढच्या आठवड्यात हात कोपरापर्यंत आत जाऊ लागला. मग वरची माती, गवतासकट, धप्पकन खाली पडली आणि पाळीला ताजा, लाल, उभा कडा तयार झाला. मी तो पाहिला आणि लगेच ओळखला, तो माझ्या फळ्यावरचाच कडा होता. खाच, अधांतरी छत, कोसळलेला ढीग, सगळं जागच्या जागी. नाव द्यायचंच काय ते बाकी होतं.

बाई रोज सकाळी रोवणीला लागायच्या आधी तिथं जायची. बोरीच्या काट्यांचे भारे बांधून त्या खाचेत कोंबायची, पुढं बांबूच्या खुंट्या ठोकायची. रविवारी मी तिच्यासोबत जायचे. दोन दिवसांत लाटा भारे सोडवून घेऊन जायच्या आणि ती पुन्हा बांधायची. तिच्या हातांना काटे लागून लागून चिरा पडल्या होत्या. ज्यांनी ज्यांनी पाय खणून नेला होता त्यातला एकही मायेचा पूत एक भारा घेऊन आला नाही. सरपंचानं वाळू भरायला म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाठवल्या. निम्म्या फाटक्या होत्या.

"वाळू कोन भरन?" बाईनं विचारलं.

"पाहू," असा निरोप आला.

आणि त्याच दिवसांत गावाला आनंदाचं भरतं आलं. लाटा पाळीची माती खात होत्या, तर खाल्लेली कुठं तरी टाकणारच. वारा थोडा दक्षिणेचा होता, म्हणून सगळा माल सरकत सरकत पाळीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात जमा व्हायचा. माती विरघळून जायची, वाळू मागं राहायची. पंधरा दिवसांत तिथं छान पिवळी पट्टी तयार झाली. सरपंचानं तिथं उभं राहून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, आपल्या गावाला चौपाटी झाली. त्यावर सत्तर-ऐंशी अंगठे आले. एकानं लिहिलं, इथं दोन बाकडी टाका. तो फोटो पाहून मला ओरडावंसं वाटलं. तुम्ही ज्याच्यावर उभे राहून दात काढताय ती माझ्या बहिणीची पाळ आहे. पण मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी तरी चार ट्रॉल्यांची आठवण काढली असती.

ग्रुपवर जीभ चालली नाही, म्हणून कचेरीत चालवावी असं ठरवलं. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि एसटीनं भंडाऱ्याला गेले. तलावांचं काम पाहणाऱ्या साहेबांसमोर फोनमधले फोटो ठेवले. साहेब वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते, फार तर दहाएक वर्षांनी मोठे. त्यांनी फोटो बोटानं मोठा केला, लहान केला.

"पाळ कशानं खचतेय म्हणता?"

"लाटांनी."

"लाटा?" ते हसले. "मॅडम, तलावाला कुठं लाटा असतात? समुद्र थोडाच आहे."

मी सांगितलं की मोकळं पाणी लांब असलं आणि वारा त्याच दिशेनं वाहत असला की लाटा येतातच. उथळ भाग खणून काढलाय, त्यामुळं त्या न फुटता पाळीवर येतात. त्यांनी फाईल काढली, एक नकाशा उलगडला, आणि पाणी अजून सांडव्याच्या खाली आहे हे मला दाखवलं. म्हणजे पाळ सेफ आहे.

"तुम्ही सायन्सच्या का?" त्यांनी विचारलं.

"भूगोलाच्या."

"अच्छा," ते म्हणाले.

त्या एका अच्छाला मी अजून विसरलेले नाही. त्यांनी अर्ज द्यायला सांगितला. अर्ज मी आधीच दिला होता, त्यांच्याच टेबलावर पडला होता, त्यावर चहाचा पेला ठेवलेला होता. पेला उचलून मी अर्ज त्यांच्या हातात दिला. पाहणीला माणूस पाठवतो म्हणाले. तो माणूस आला, पण पाळ फुटल्यावर.

पाळ श्रावणात फुटली, भर दुपारी, लख्ख उन्हात. आठवडाभर पाऊस नव्हता, नुसता वारा होता. मी शाळेत होते. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी वर्गातच होते आणि मुलांसमोरच उचलला, जे मी कधी करत नाही. मुख्याध्यापकांना न सांगताच गाडी काढून निघाले. पोचेपर्यंत पाणी ओसरायला लागलं होतं. पाळीला बैलगाडी आडवी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून मोबाईलवर काढत होती.

बाईच्या तीन बांध्या कुठं आहेत हे मला क्षणभर कळलं नाही. रोवणी होऊन पंधरवडा झाला होता, रोपांनी नुकताच जीव धरला होता, परवाच मी तो हिरवा रंग पाहिला होता. आता तिथं पंख्यासारखा पसरलेला मुरूम होता. भगदाडाच्या तोंडाशी दगड, पुढं मुरूम, त्याच्या पुढं वाळू, आणि तिसऱ्या बांधीच्या शेवटी बारीक गाळ. जड माल आधी पडतो, हलका पुढं जातो. असं मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली. माझ्या बहिणीचं वर्षभराचं पोट माझ्यासमोर गाडलं गेलं होतं आणि मी त्याला धडा लावत होते.

बाई वाळूत बसून रोपं शोधत होती. हातानं उकरायची, एखादं सापडलं की झटकून बाजूला ठेवायची. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी आले, सोबत सरपंच. पाळीवरच्या एका दगडावर फॉर्म ठेवून तलाठी लिहायला लागले. नुकसान किती, पीक कोणतं, ते बाईनं सांगितलं. मग ते स्वतःशीच बोलत लिहू लागले, "कारण, अतिवृष्टी."

"आठ दिवसांत थेंब पडला नाही," मी म्हणाले. "वारा होता. लाटांनी पाळ खाल्ली."

"लाटांचा रकाना नाही, मॅडम," तलाठी म्हणाले. ते उर्मटपणे म्हणाले नाहीत. खरंच रकाना नव्हता.

"मग खाली लिहा. पाळीचा पाय खणून नेला म्हणून फुटली असं लिहा."

तलाठ्यांनी सरपंचाकडं पाहिलं. सरपंच माझ्याशी फार गोडीनं बोलला. "मॅडम, तुमी शिकलेल्या हा. अतिवृष्टी नाई लिवलं त तुमच्या बाईले मदत भेटत नाई. तुमाले तसं पायजे का?" मग जरा थांबून म्हणाला, "अना खरंच लिवाचं त सगळंच लिवा लागन. कोनं कोनं माती नेली ते. माह्यं नाव येईन. तुमचंबी येईन."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला जागा नव्हती. तो माणूस खोटं बोलत नव्हता. नालायकपणा करून वर खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कुठल्या डी.एड., बी.एड.मध्ये शिकवलं नाही. मी बाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, पण तलाठ्यांनी फॉर्म माझ्यापुढं केला. पंच म्हणून दोन सह्या लागत होत्या. एक सरपंचानं आधीच केली होती. मी त्याच्याखाली माझी सही केली, हुद्द्यासकट, सहाय्यक शिक्षिका. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

ते दोघं गेल्यावर आम्ही बहिणी बांधीत उतरलो. वाळू पायाखाली तापली होती. बाईनं घमेलं आणि फावडं आणलं होतं. तीन बांध्यांची वाळू दोन बायका किती उपसणार, पण ती भरायला लागली, आणि मी उचलायला लागले.

"सही केली ते बरं केलं," ती म्हणाली. "कायले भांडाचं."

"बाई, मले लाज वाटून राहिली," मी म्हणाले.

तिनं फावडं वाळूत रोवून कमरेवर हात ठेवले आणि वर, आमच्या जमिनीकडं पाहिलं. तिथून आमचं बरड दिसतं.

"तुहं धान कसं हाय अवंदा?" तिनं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण ती पाहत होती, आणि दिसत होतंच. इतकं दाट, इतकं काळपट हिरवं धान आमच्या जमिनीत कधीच आलं नव्हतं.

"चांगलं हाय," मी म्हणाले.

"असनच," बाई म्हणाली. "आमची पार हाय ना तेथी."

ती पुन्हा फावडं घेऊन वाकली. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला निदान तिच्याशी भांडता आलं असतं.